मेंदूला सूज आलीय, पण कशामुळे? पाठीतलं पाणी, अँटिबॉडी आणि नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापुरात मी प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते. पाठीतल्या पाण्याच्या (मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असणाऱ्या, कमरेतून सुईने काढलेल्या पाण्याच्या) ट्यूब माझ्या टेबलावर येतात आणि रिपोर्टची वाट बघणारी माणसं खिडकीशी. चंदगडची, शाहूवाडीची, गगनबावड्याची, कधी निपाणीकडचीही. प्रश्न बहुतेक तेच असतात, पण खिडकीत उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराने कुणाचं समाधान होत नाही. म्हणून इथे नीट लिहिते. उपचार ठरवायचे ते तुमच्या डॉक्टरांनीच. पण कागदावर काय लिहिलंय हे तुम्हाला कळलं, तर डॉक्टरांना काय सांगायचं हेही कळेल, आणि या आजारात त्याने खरोखर फरक पडतो.

मेंदूला सूज म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे ‘ताप डोक्यात गेला’ म्हणतात, तेच का?

जवळपास तेच. मेंदूच्या पेशींमध्येच दाह सुरू होतो. माणूस गुंगीत जातो, असंबद्ध बोलतो, ओळखेनासा होतो, आकडी येते. ताप असतोच असं नाही, आणि इथेच घोटाळा होतो. ताप नाही म्हणून ‘डोक्यावर परिणाम झालाय’ असं ठरवून घरच्यांचे दोन-तीन आठवडे जातात. वागणं अचानक बदललं आणि ते चोवीस तासांहून जास्त टिकलं, तर ताप असो वा नसो, मेंदूच्या सुजेची शंका घ्यायलाच हवी.

एमआरआयमध्ये सूज दिसली. मग आणखी तपासण्या कशाला?

एमआरआय सूज कुठे आहे ते दाखवतो. कशामुळे आली, याचा फार तर अंदाज देतो. कानशिलाच्या आतल्या भागात सूज दिसली की हर्पिसच्या विषाणूची शंका येते, पण शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती बिघडली तरी हुबेहूब त्याच जागी सूज दिसू शकते. पहिल्यात विषाणू मारणारं औषध लागतं, दुसऱ्यात प्रतिकारशक्तीला आवर घालणारं. दोन्हींची दिशा उलटी आहे, त्यामुळे कारण शोधण्याला पर्याय नाही.

‘इम्यून मार्कर’ म्हणजे काय?

प्रतिकारशक्ती काम करताना मागे ज्या खुणा ठेवते, त्या. पाहुणे येऊन गेल्यावर घरातली बाई मोरीतले कप मोजून किती जण आले होते ते सांगते ना, तसंच. जंतू बऱ्याचदा हाती लागत नाही. तो थोडा असतो, लपलेला असतो किंवा येऊन गेलेला असतो. पण त्याच्याशी लढायला शरीराने जी फौज उभी केली, ती मागे दिसते.

सगळ्यात जुनी खूण म्हणजे पांढऱ्या पेशी. पाठीतल्या पाण्यात त्या एका घन मिलिमीटरमध्ये पाचपेक्षा जास्त नसाव्यात. जास्त असल्या तर कोणत्या, हे बघायचं. लिम्फोसाइट जास्त असतील तर बहुतेक विषाणू, टीबी किंवा स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा आजार. पॉलिमॉर्फ जास्त असतील तर जिवाणूचा संशय. (विषाणूच्या आजारातही पहिल्या एक-दोन दिवसांत पॉलिमॉर्फ जास्त दिसू शकतात, त्यामुळे इथेही दिवस बघावाच लागतो.) दुसरी खूण अँटिबॉडी, म्हणजे एकेका शत्रूसाठी खास तयार झालेली प्रथिनं. तिसरी, पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप धाडतात ते. या तिसऱ्या गटावर संशोधन जोरात आहे, पण रोजच्या रिपोर्टमध्ये तो अजून फारसा आलेला नाही.

पाठीतलं पाणी काढलं की माणूस कमरेतून लुळा पडतो, असं म्हणतात. खरं का?

नाही. ही भीती मी इतक्या वेळा ऐकली आहे की याचं उत्तर ठासूनच देते. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या बरीच खाली घालतात. तिथे फक्त नसांचे सुटे धागे पाण्यात तरंगत असतात आणि ते सुईपासून बाजूला सरकतात. शरीरात हे पाणी एकूण साधारण १५० मिलिलिटर असतं आणि दिवसाला ५०० मिलिलिटरच्या आसपास नवं तयार होतं. आम्हाला लागणारे काही मिलिलिटर तासाभरात भरून निघतात. नंतर डोकं दुखू शकतं आणि बहुतेकांचं ते काही दिवसांत थांबतं. डोक्यात दाब फार वाढल्याची लक्षणं असतील तर डॉक्टर आधी स्कॅन करतात आणि मगच सुई घालतात.

‘नको, पाणी काढू नका’ म्हणून सही न केल्यामुळे गेलेले दोन दिवस मात्र परत मिळत नाहीत.

रक्त घेतलंय की. त्यातच अँटिबॉडी का बघत नाही?

बघतो. पण दोन्ही लागतात, आणि यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो. सगळ्याच गोष्टी त्यातून पलीकडे जात नाहीत. आयजीजी ही अँटिबॉडी लहान, ती थोडीफार झिरपते. आयजीएम पाच तुकडे जोडून बनलेली, आकाराने मोठी, त्यामुळे ती पलीकडे सहसा पोचत नाही. म्हणून पाठीतल्या पाण्यात जपानी मेंदूज्वराची आयजीएम सापडली, तर ती बहुतेक तिथेच, मेंदूच्या आवारात तयार झालेली असते. म्हणजे विषाणू आत शिरला होता. रक्तातल्या आयजीएमवरून एवढ्या खात्रीने सांगता येत नाही. ती अलीकडच्या लसीमुळेही असू शकते, किंवा मेंदूपर्यंत न पोचलेल्या संसर्गामुळेही.

आयजीजीचं गणित जरा वेगळं. ती झिरपते, म्हणून पाण्यात सापडली एवढ्यावरून काही ठरत नाही. त्याच वेळी घेतलेल्या रक्तात ती किती आहे, याच्याशी प्रमाण लावावं लागतं. प्रमाणापेक्षा पाण्यात जास्त असेल, तर ती आत तयार होते आहे. कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं नसांमध्ये दबा धरून बसतो आणि पुढे कधीतरी मेंदूच्या रक्तवाहिन्यांना त्रास देतो. अशा वेळी पीसीआर (विषाणूचा अंश थेट शोधणारी चाचणी) निगेटिव्ह येऊनही या प्रमाणावरून तो पकडता येतो.

म्हणून पाणी काढतील त्याच दिवशी रक्ताचीही एक ट्यूब घेतली गेली ना, एवढं जरूर विचारा.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. म्हणजे तो आजार नाही?

आधी सांगा, नमुना आजाराच्या कितव्या दिवशी घेतला? मला या पानावर एकच गोष्ट सांगायची मुभा असती, तर मी हीच सांगितली असती: तारखेशिवाय या रिपोर्टचा अर्थ लागत नाही.

जपानी मेंदूज्वराची आयजीएम साधारण तिसऱ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान दिसू लागते आणि पुढे एक ते तीन महिने टिकते. दुसऱ्या दिवशीच्या पाण्यात ती नसली, तर त्याचा अर्थ ‘अजून तयार झालेली नाही’ एवढाच होऊ शकतो. काही दिवसांनी पुन्हा नमुना द्यावा लागतो. या चाचणीची किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्थाच बनवते आणि देशभरातल्या प्रयोगशाळांना पुरवते.

हर्पिसचं उलट आहे. तिथे आपण थेट विषाणूचा डीएनए पीसीआरने शोधतो. चाचणी फार चांगली, पण पहिल्या तीन दिवसांत ती फसू शकते. संशय पक्का असेल तर तीन ते सात दिवसांनी पुन्हा पाणी काढतात. ‘एकदा काढलं की, परत कशाला?’ असं कृपा करून म्हणू नका. पुढे दोन-तीन आठवड्यांनी डीएनए निघून जातो आणि तेव्हा अँटिबॉडीच साक्ष देते.

आणि चांदीपुरा. या विषाणूचं नावच आपल्या नागपूरजवळच्या चांदीपुरावरून पडलं. १९६५ साली तो तिथे पहिल्यांदा सापडला. २००३ साली आंध्र प्रदेशात त्याच्या साथीत ३२९ मुलं आजारी पडली आणि १८३ दगावली. हा आजार इतका झपाट्याने जातो की काही मुलांना अँटिबॉडी तयार करायलाही वेळ मिळत नाही. तिथे अँटिबॉडीची वाट बघण्यात अर्थ नसतो, विषाणूच शोधावा लागतो.

रिपोर्ट यायच्या आधीच डॉक्टरांनी औषधं सुरू केली. अंदाजपंचे तर नाही ना?

नाही, ते बरोबरच करताहेत. हर्पिसच्या मेंदूज्वरात उपचार झाले नाहीत तर दहापैकी साधारण सात रुग्ण दगावतात. अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध वेळेत मिळालं तर हे प्रमाण खूप खाली येतं. म्हणून संशय आला की ते लगेच सुरू करतात आणि हर्पिस नाही हे पक्कं झाल्यावर थांबवतात. औषध सुरू झाल्यामुळे पहिल्या आठवड्यात पीसीआर सहसा बिघडत नाही. अंगावर सिगारेटने चटका दिल्यासारखी काळी खपली असेल, रानात किंवा गवतात काम केलेलं असेल, तर स्क्रब टायफसच्या (गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या जिवाणूच्या तापाच्या) संशयाने डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिकही देतात. ही खपली काखेत, जांघेत लपते. ती शोधायला डॉक्टरांना मदत करा, लाजू नका.

‘शरीरच मेंदूवर उलटलंय’ म्हणाले. असं कसं होईल?

होतं, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. २००७ साली जोसेप दाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्यांच्या रक्तात आणि पाठीतल्या पाण्यात एनएमडीए रिसेप्टरविरुद्ध (मेंदूच्या पेशींवरच्या, निरोप झेलणाऱ्या एका प्रथिनाविरुद्ध) अँटिबॉडी होत्या, आणि बहुतेकींच्या बीजकोशात टेराटोमा नावाची गाठ होती. या गाठीत मेंदूसारख्या पेशीही असू शकतात. शरीर गाठीशी लढायला अँटिबॉडी बनवतं आणि त्या मेंदूतल्या रिसेप्टरलाही जाऊन चिकटतात. गाठ नसतानाही हा आजार होतो, मुलांमध्ये तर बहुतेक वेळा गाठ नसतेच. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या प्रकल्पाने २०१२ साली दाखवलं, की तिशीच्या आतल्या रुग्णांत हे कारण कोणत्याही एका विषाणूपेक्षा जास्त सापडलं.

सुरुवात कशी होते, ते ऐका. कॉलेजला जाणारी मुलगी. आठवडाभर झोप नाही. मग कुणीतरी मारायला येतंय म्हणते, देवाचं बोलते, शिव्या देते, मध्येच गप्प होऊन एका जागी टक लावते. तोंडाच्या चमत्कारिक हालचाली सुरू होतात, ओठ चावते, जीभ बाहेर काढते. घरचे म्हणतात, बाहेरचं झालंय. वाडीला नेतात. नृसिंहवाडीवर माझीही श्रद्धा आहे, पौर्णिमेला मीही जाते. पण पोरगी अशी वागायला लागली तर आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, दर्शनाला नंतर सगळे मिळून जा. कारण या अँटिबॉडी पेशी मारत नाहीत, पेशीवरचे रिसेप्टर आत ओढून घेतात. अँटिबॉडी हटल्या की रिसेप्टर परत येतात. ५७७ रुग्णांच्या २०१३ सालच्या अभ्यासात दोन वर्षांनंतर १०० पैकी ८१ जण चांगल्या स्थितीत होते, आणि लवकर उपचार मिळालेले जास्त सावरले.

वडील पासष्टीचे. हातातला कप उडतो, विसरतातही. वयाचंच असेल ना?

कप कसा उडतो ते नीट बघा. एका बाजूचा हात आणि त्याच बाजूचा चेहरा एकदम आखडतो, दोन-तीन सेकंदांत सुटतो, आणि असं दिवसात कित्येकदा होतं. चहा सांडतो, ते स्वतःच दचकतात. सोबत काही आठवड्यांत वाढलेला विसरभोळेपणा आणि रक्तात सोडियम कमी. हे सगळं जुळलं तर एलजीआय१ अँटिबॉडीची (मेंदूतल्या याच नावाच्या प्रथिनावर उलटणाऱ्या अँटिबॉडीची) चाचणी करायलाच हवी. आकडीच्या गोळ्यांनी हे झटके नीट थांबत नाहीत, स्टेरॉइडने थांबतात. म्हातारपण म्हणून सोडून दिलं तर स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होतं.

इथे नमुन्याचीही गंमत आहे. एनएमडीएसाठी पाठीतलं पाणी जास्त भरवशाचं. नुसत्या रक्तावर विसंबलं तर सातातला एक रुग्ण निसटू शकतो. एलजीआय१ मात्र रक्तात जास्त सहज सापडते.

या अँटिबॉडी बघतात तरी कशा?

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींमध्ये त्या रिसेप्टरचं जनुक घालतात. पेशी तो रिसेप्टर अंगावर वागवू लागतात. काचेच्या पट्टीवर अशा पेशींचे छोटे चौकोन असतात, प्रत्येक चौकोन वेगळ्या रिसेप्टरचा. त्यांवर रुग्णाचं पाणी किंवा सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा पातळ भाग) ठेवायचं, अर्धा तास थांबायचं, धुवायचं. मग चमकणारा रंग जोडलेली दुसरी अँटिबॉडी घालायची, जी माणसाच्या अँटिबॉडीला धरते. पुन्हा धुवायचं. खोलीत अंधार करून मायक्रोस्कोपखाली बघायचं. बाकीचे चौकोन काळे आणि एकाच चौकोनातल्या पेशी हिरव्या कडांनी उजळलेल्या. ते दिसलं की माझ्या डोळ्यांसमोर बाहेर बाकावर बसलेले आईबाप येतात.

ही चाचणी सगळीकडे होत नाही. नमुना बर्फात घालून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि रिपोर्टला काही दिवस लागतात. आजार बळावत असेल तर डॉक्टर तोवर थांबत नाहीत, लक्षणांवरून उपचार सुरू करतात.

इम्युनोग्लोब्युलिन आधीच दिलंय. आता चाचणी केली तर चालेल?

केली तरी वाचणं कठीण होतं. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या अँटिबॉडी एकत्र करून बनवतात. ते नसेतून गेलं की रुग्णाच्या रक्तात त्या सगळ्या परक्या अँटिबॉडी फिरू लागतात, आणि त्यातली कोणती रुग्णाची हे सांगता येत नाही. प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलला तर उलट, असलेल्याही धुऊन जातात. स्टेरॉइडने पाण्यातल्या पेशी कमी होतात.

माझ्याकडे एकदा एका लहान मुलीची ट्यूब आली. त्यावर नाव होतं, तारीख नव्हती. अँटिबॉडीचा निकाल धड हो नाही आणि धड नाही नाही, असा. फोनवर चौकशी केली तेव्हा कळलं, की इम्युनोग्लोब्युलिनचे पाचही डोस होऊन गेल्यावर रक्त घेतलं होतं. आधीचा नमुना टाकून दिला होता. त्या आईला मी काय सांगणार होते? तेव्हापासून भेटेल त्या डॉक्टरला आणि नर्सला सांगते: पहिल्या डोसआधी पाच मिलिलिटर रक्त घ्या, सीरम वेगळं करून फ्रीझरमध्ये ठेवा, पाणी थोडं जास्त काढून त्याचीही एक ट्यूब राखा. पुढे लागलं नाही तर टाकून देता येतं. तुम्हीही हे विचारू शकता, त्यात उद्धटपणा काही नाही.

पॉझिटिव्ह आलं म्हणजे तरी पक्कं ना?

बहुतेक वेळा, पण डोळे झाकून नाही. डेंग्यू आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू एकाच कुळातले, त्यामुळे एकाची अँटिबॉडी दुसऱ्याच्या चाचणीत पॉझिटिव्ह दाखवू शकते. थायरॉइडविरुद्धची टीपीओ अँटिबॉडी तर धडधाकट माणसांतही सापडते. तेवढ्यावर ‘मेंदूची सूज थायरॉइडमुळे’ असं ठरवणं मला पटत नाही. लक्षणं, एमआरआय, पाणी आणि अँटिबॉडी एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तरच विश्वास ठेवायचा.

टीबीचं काय?

आपल्याकडे तो विसरून चालत नाही. आजार सावकाश वाढलेला, पाण्यात साखर कमी, प्रथिनं जास्त, एडीए नावाचं एन्झाइम वाढलेलं. ट्यूब तशीच उभी ठेवली तर कधी आत कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ पदर धरतो. जंतूसाठी सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) करतात, पण ते निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं होत नाही.

एकाच थेंबात सगळी कारणं सांगणारी टेस्ट निघाली नाही का?

प्रयत्न चालू आहेत आणि मला त्यांची फार आस आहे. सीएक्ससीएल१३ नावाचा रासायनिक निरोप मेंदूपर्यंत पोचलेल्या सिफिलिसमध्ये पाण्यात वाढतो. निओप्टेरिन वाढलं की आत दाह आहे हे कळतं, पण कशाचा ते कळत नाही. सगळ्यात देखणी युक्ती आहे ती फाजची. जिवाणूंना लागणाऱ्या निरुपद्रवी विषाणूंच्या अंगावर हजारो वेगवेगळ्या प्रथिनांचे तुकडे बसवायचे, त्यांत रुग्णाचं पाणी मिसळायचं, आणि अँटिबॉडी कोणत्या तुकड्याला धरते ते बघायचं. मुलांचे हातपाय अचानक लुळे पडण्याच्या एका आजारात विषाणू पाण्यात जवळजवळ कधीच सापडत नव्हता. २०१९ साली याच युक्तीने त्या मुलांच्या पाण्यात एंटरोव्हायरसविरुद्धच्या अँटिबॉडी दिसल्या. त्याच वर्षी पुरुषांच्या वृषणाच्या गाठीशी जोडलेली, मेंदूवर उलटणारी केएलएचएल११ ही नवी अँटिबॉडीही अशीच सापडली. हे सगळं अजून संशोधनाच्या प्रयोगशाळांत आहे. कुणी पॅकेज म्हणून विकायला आलं तर आधी डॉक्टरांना विचारा.

सगळं केलं, तरी कारण सापडलं नाही. आता?

असं पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत होतं. त्यात कुणाची चूक असतेच असं नाही, आणि उपचार थांबतही नाहीत. राखलेला नमुना इथेच कामाला येतो.

आम्ही घरच्यांनी काय करायचं?

एक वही घाला. पहिलं लक्षण कोणत्या तारखेला, ताप किती, आकडी किती मिनिटं चालली (चप्पल आणि कांदा हुंगवू नका, कुशीवर झोपवा आणि घड्याळ बघा), कोणतं औषध कधी सुरू झालं, पाणी आणि रक्त कधी घेतलं. आधीच्या दवाखान्यातल्या चिठ्ठ्या त्याच वहीत टाचा. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात, मिरजेला किंवा पुण्याला न्यायची वेळ आली तर ही वही रुग्णाबरोबर गेली पाहिजे. खर्चासाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते त्यांना विचारा, शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका.

हर्पिसमधून पोरगा बरा होऊन घरी आला. महिन्याने पुन्हा चिडचिड, हातापायांचे वेडेवाकडे झटके. औषध कमी पडलं का?

कदाचित विषाणू परत आलेला नसेलच. हर्पिसने मेंदूला इजा झाली की आतली प्रथिनं उघडी पडतात आणि प्रतिकारशक्ती त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागते, बऱ्याचदा एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हर्पिसच्या २७ टक्के रुग्णांत पुढच्या तीन महिन्यांत असा दुसरा आजार झाला. लहान मुलांत हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचाली जास्त दिसतात, मोठ्यांत वागण्यातले बदल. पुन्हा पाणी काढून पीसीआर आणि अँटिबॉडी दोन्ही बघतात. पीसीआर निगेटिव्ह आणि अँटिबॉडी पॉझिटिव्ह असेल, तर या वेळी प्रतिकारशक्तीला आवर घालणारे उपचार लागतात. त्यामुळे सुट्टी मिळाली तरी पहिले तीन महिने वही चालू ठेवा, आणि असं काही दिसलं तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन या.